केंटकी वेगळं झालं तर

शालन आणि मी त्या वर्षी चोरून भेटत होतो. दोघींनी साठी ओलांडलेली, दोघींना नातवंडं, आणि भेटायचं कुठे, तर सिनसिनाटीतल्या देशी किराण्याच्या दुकानात, भाज्यांच्या कपाटाआड. मी घरी "मेथी आणते" म्हणून निघायचे, ती तिकडून "कढीपत्ता संपला" म्हणून. त्या वर्षी दोन्ही घरांतली माणसं मेथी आणि कढीपत्ता खाऊन कावली असतील, पण एकाही नवऱ्याला संशय आला नाही. नवऱ्यांना भाजीतलं तेवढंच कळतं.

"गवार जून आहे, घेऊ नकोस," मी म्हटलं.

"गवारीले घाल चुलीत," शालन म्हणाली. "त्यानं घर विकाले काढलं, कुमुद. काल अंगणात पाटी ठोकली."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. "आणि जाणार कुठे?"

"टेक्सासले. पोराच्या, मंगेशच्या गावात. म्हणते, तिथली माणसं आपल्या विचाराची आहेत. मी म्हटलं, मले कोणाचे विचार घेऊन काय करायचं बाप्पा, मले कुमुदजवळ राहायचं आहे. तं म्हणते, कुमुदचा नवरा देशाचे तुकडे कराले निघाला, त्याच्याजवळ कोण राहते?"

आता हे तुकडे प्रकरण नीट सांगायला हवं. शालनचा नवरा नरहरी गावंडे अकोल्याचा, माझे दिनकर शिंत्रे कोल्हापूरचे. दोघं एकाच सुमारास अमेरिकेत आले, एकाच कारखान्यात लागले, आणि आम्ही एकाच इमारतीत समोरासमोर राहिलो. दोन घरांत मिळून एक गाडी होती आणि एक पाटावरवंटा, तोही शालननं सामानाच्या वजनात भांडून आणलेला. पुढे गावंड्यांनी नदीपलीकडे घर घेतलं. आमच्या गावाचं असं आहे की मधून ओहायो नदी वाहते. अलीकडे ओहायो राज्य, पलीकडे केंटकी. पुलावर एक पाटी येते आणि जाते, एवढाच काय तो फरक. शालनकडे जाताना मी ती पाटी कधी वाचलीसुद्धा नव्हती.

मग त्या निवडणुका आल्या. तशा निवडणुका याआधीही होत होत्या, पण या वेळी माणसं वेगळीच झाली. शेजारी शेजाऱ्याच्या अंगणातल्या प्रचाराच्या पाट्या मोजायला लागला. आणि कुठून तरी ती चर्चा सुरू झाली, की हा देश आता एकत्र नांदण्यातला नाही, याचे दोन-तीन लहान देश करून टाका, ज्याला जसं जगायचं तसं जगू द्या. गंमत अशी की आमचे दिनकर, ज्यांनी शाळकरी वयात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन घसा बसवून घेतला होता, ते म्हणायला लागले की करा तुकडे. आणि नरूभावजी, ज्यांनी कॉलेजात असताना वेगळ्या विदर्भासाठी रस्ते अडवले आणि कपाळावर काठीचा वण मिरवला, ते म्हणायला लागले की खबरदार, देश एक राहिला पाहिजे. मी आणि शालन पोट धरून हसायचो. हसणं फार दिवस टिकलं नाही.

एकदा गावंड्यांच्या घरी जेवायला बसलो होतो. भाकरी, झुणका, वर तेलाची धार. बोलता बोलता दिनकर म्हणाले, "होऊन जाऊ देत एकदाचे तुकडे. नदीपलीकडे तुम्ही तुमचं बघा, अलीकडे आम्ही आमचं. आम्हाला तरी सुखानं झोप लागेल."

नरूभावजींनी हातातला घास ताटात ठेवला. "तू म्हणून राहिला हे? दुसरा कोणी म्हणला असता तं मी हसलो असतो. तू तरी असं म्हणू नये."

"का? मला काय बंदी आहे?"

भावजी तसेच खरकट्या हातानं उठले आणि त्यांनी दार उघडलं. "निघ."

अर्ध्या ताटावरून उठून आम्ही घरी आलो. मला वाटलं, राजकारणावरून माणसं कुठवर जातात! शालनलाही तेच वाटलं. त्यानंतर त्या दोघांत बोलणं नाही, येणं-जाणं नाही, आणि आमच्या वाट्याला आलं ते भाज्यांचं कपाट.

घराला पाटी लागली तरी घर विकलं जाईना. उन्हाळाभर गिऱ्हाइकं येत होती आणि नरूभावजी प्रत्येकात खोट काढत होते. एकाचे बूट घाण, एकाची बायको फार बोलते, एकाकडे तीन कुत्री. शालन माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्याचा जायचा जीव नाही, कुमुद. लिहून देतो मी तुले. दिनकरभाऊजीचा राग आहे, बस. राग गेला की पाटी निघाली समज."

मलाही ते पटलं. माणूस जायला निघाला असेल तर पहिल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात किल्ली घालतो. भावजींना काहीतरी धरून ठेवत होतं. ते काय, हा प्रश्न आम्ही दोघींनी स्वतःला विचारला नाही. आम्हाला वाटलं, मैत्रीच असणार.

मग आम्ही घाट घातला. आमच्या मंडळात गणपतीला वादविवाद होतो. जुनी प्रथा आहे आणि तिचा एक नियम आहे. कुणी कुठली बाजू मांडायची हे चिठ्ठी टाकून ठरतं. मंडळ काढलं तेव्हाच हा नियम केला होता, म्हणजे बोलणाऱ्यावर कुणी राग धरू नये. आणि चिठ्ठ्यांचं भांडं कायम माझ्या हातात, कारण मंडळात सगळ्यात प्रामाणिक बाई म्हणून माझी ख्याती. त्या वर्षीची सांस्कृतिक सचिव केतकी नावाची मुलगी होती, उत्साही. तिला काहीतरी जोरदार विषय हवा होता. मी म्हटलं, "अमेरिकेचे लहान लहान देश व्हावेत, हा विषय ठेव. आणि बोलायला शिंत्रेकाका, गावंडेकाका."

"काकू, मारामारी होईल!"

"हॉल भरेल," मी म्हटलं. तिचे डोळे चमकले.

दोघांना स्टेजवर आणणं काही अवघड नव्हतं. मी घरी सहज म्हटलं, "नरूभावजी म्हणत होते म्हणे, दिनकर फक्त जेवणाच्या टेबलावर बोलतो. स्टेजवर त्याची दातखीळ बसते." भावजी असं म्हणाले नव्हते, पण कधी ना कधी म्हणालेच असते. दिनकर कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली आणायचे. चहाचा कप आपटून म्हणाले, "माझी दातखीळ? सांग त्याला, येतो म्हणावं." तिकडे शालननं आपल्या नवऱ्याला सांगितलं की भाऊजी म्हणते, गावंड्याले आता मराठी येते कुठी. काम फत्ते.

चिठ्ठ्या मी दोन लिहिल्या आणि दोन्हींवर एकच मजकूर लिहिला. दिनकरांनी उचलली. त्यावर लिहिलं होतं, तुकडे होऊ नयेत. म्हणजे नरूभावजींच्या वाट्याला आपोआप तुकडे आले. दोघांनाही दुसऱ्याच्या तोंडानं बोलायला लागणार होतं. आमचा हिशेब साधा होता. माणूस दुसऱ्याची बाजू आठवडाभर घोकेल तर त्याला ती थोडी तरी कळेल.

"हे चूक आहे," दिनकर चिठ्ठीकडे बघत म्हणाले.

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. प्रामाणिक बाई.

तो आठवडा दिनकर गॅरेजमध्ये येरझारा घालत होते. पहिले दोन-तीन दिवस मोठ्यानं बोलायचे, हातवारे करायचे. मग आवाज बंद झाला. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर खुर्चीवर नुसते बसले होते.

"सुचत नाहीये का काही?" मी विचारलं.

"सुचतंय," ते म्हणाले. "नऱ्या काय म्हणतो ते मला माहीत होतंच. तो का म्हणतो, ते मी विसरलो होतो." त्यांनी कप हातात घेतला आणि चहा तसाच गार होऊ दिला. मी पुढे विचारलं नाही. मला वाटलं, आमची मात्रा लागू पडतेय.

मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो. आरती झाली, मुलांचे नाच झाले, मागच्या दारातून मसालेभाताचा वास यायला लागला आणि केतकीनं विषय जाहीर केला. माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली. या दोघांचं भांडण सगळ्या मंडळाला माहीत होतं.

पहिले नरूभावजी उठले. धोतर नेसून आले होते, वर कोट. म्हणाले, "माझी बाजू तुकड्यांची आहे. आयुष्यभर याच भाषणाची तयारी केली, फक्त जागा चुकली." लोक हसले. मग जे सुटले! मुंबईचं लक्ष नागपूरकडे केव्हा जाते, तर हिवाळ्यात, अधिवेशनाले. आणि अधिवेशनाले येतात कशाले, तर हुरडा खाले. "मोठ्या घरात धाकट्या सुनेचं कोणी ऐकत नाही बाप्पा. भाजीत मीठ किती टाकायचं हे सासू ठरवते, आणि खारट झाली की बोलणी सून खाते. वेगळी चूल मांडू द्या ना तिले. खारट खाईल, अळणी खाईल, आपल्या हातचं खाईल!" टाळ्या पडल्या. मी दिनकरांकडे बघत होते. ते हसत होते. न हसण्याचा प्रयत्न करत होते, पण खांदे हलत होते. शालननं मला कोपर मारलं.

मग दिनकर उठले. सुरुवात झकास केली. "केंटकी वेगळं झालं तर पहिली पंचाईत आपलीच. आपला विमानतळ केंटकीत! भारतातून सासूबाई यायच्या म्हटल्या की त्यांना आणायला परदेशात जा. व्हिसा काढा. आणि व्हिसा नाकारला तर? तर सासूबाई केंटकीच्याच नागरिक!" हॉल गडगडला. मग त्यांनी बेळगाव काढलं. त्यांची मावशी तिथली. "तिनं घर बदललं नाही, विहीर बदलली नाही. कुणीतरी रेघ मारली आणि आमची मावशी दुसऱ्या राज्यात गेली. मरेपर्यंत सांगत होती, अरे मी कुठं गेलेली न्हाई, हितंच हाय की." लोक हसले, पण हळू.

दिनकर पाणी प्यायले. आवाज खाली आला.

"पण ही झाली बोलायची कारणं. देश म्हणजे शेवटी जमीन. रेघ मारणाऱ्याला वरून जमीन सपाट दिसते. तिच्यात कुणाचं काय आहे, ते त्याला दिसत नाही. नदीच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाचं अलीकडच्या मातीत काही असू शकतं. मला एक माणूस माहीत आहे. तो…"

ते थांबले. त्यांनी नरूभावजींकडे बघितलं. भावजी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"पुढचं विसरलो," दिनकर म्हणाले. "मी हरलो. ढाल त्याला द्या."

"काका, वेळ आहे अजून," केतकी म्हणाली.

"नको पोरी."

चाळीस-बेचाळीस वर्षं मी या माणसाबरोबर राहत होते. भांडणात मी कुठल्या साली काय बोलले ते तारखेसकट सांगणारा माणूस. तो विसरला? लोक चुळबुळायला लागले. नरूभावजींना उत्तराचं भाषण करायचं होतं. ते उठले, माइककडे गेलेच नाहीत, सरळ दिनकरांपाशी गेले आणि त्यांचा दंड धरला. "चाल बे. बाहेर चाल."

दोघं मागच्या दारानं बाहेर पडले. शालन आणि मी दाराच्या काचेला नाक लावून उभ्या. बाहेर गाड्या लावायच्या जागेत एक बुटकी भिंत आहे, तिच्यावर ते बसले. भावजी बोलत होते, दिनकर मान खाली घालून ऐकत होते. मग भावजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"झालं व माय," शालन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "निघाली पाटी."

मला इतका आनंद माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. तिथे माझं मत कुणी विचारलं नव्हतं. हे आम्ही दोघींनी स्वतःच्या हातांनी घडवलं होतं. त्या दिवशी मी मसालेभात तीनदा घेतला.

पुढचे पंधरा-वीस दिवस दोघं रोज भेटत होते. कधी इकडे, कधी तिकडे. दिनकर घरात गाणं गुणगुणायला लागले. आणि मग एका सकाळी शालन माझ्या घरी आली, उघडपणे, पुढच्या दारानं. वर्षभरानं ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. मी कांदेपोह्यांची तयारी करायला लागले तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे. घर गेलं."

"गेलं म्हणजे?"

"विकलं. काल जे पहिलं गिऱ्हाईक आलं त्याले देऊन टाकलं. चहा पण पाजला त्याले."

"अगं, पण आता तर भांडण मिटलं!"

"मी बी तेच म्हटलं. तं म्हणते, मिटलं म्हणूनच." तिनं माझ्याकडे बघितलं. "म्हणते, आता मी जाऊ शकतो. म्हणजे काय, कुमुद? तुले काही समजते?"

मला काही समजत नव्हतं. समजलं एवढंच की माझी शालन चालली. आम्ही दोघींनी मिळून ज्या दोरीनं तिला बांधून ठेवायचं ठरवलं होतं, त्याच दोरीची गाठ आमच्या हातून सुटली होती, आणि कशी ते कळत नव्हतं. ती गेल्यावर मी दिनकरांना समोर बसवलं.

"काय ठरलं तुमचं त्या भिंतीवर?"

ते म्हणाले, "त्याचं एक काम होतं. माझ्याशिवाय कुणाला सांगता आलं नसतं. ते त्यानं माझ्यावर सोपवलं."

"कसलं काम?"

"शालनची पहिली मुलगी," ते म्हणाले.

आम्ही इथे नवीन होतो तेव्हाची गोष्ट. शालनचं पोट फाडून मूल काढावं लागलं. ती शुद्धीवर नव्हती. मुलगी एक रात्र जगली. दवाखान्यात शालनच्या उशाशी मी होते. बाळाचं पुढे काय झालं ते आम्ही दोघींनी कधी विचारलं नाही. तेव्हा बायका विचारत नसत. त्या विषयाला आम्ही दोघी इतक्या वर्षांत शिवलोसुद्धा नव्हतो.

"तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत," दिनकर म्हणाले. "इथे नदीकाठी कुठे पुरायचं? एका पाद्र्यानं स्मशानात जागा दिली. इकडे, आपल्या बाजूला. नऱ्या गाडी चालवत होता, मी मांडीवर घेऊन बसलो होतो. दोघांनीच केलं सगळं. आईला सांगायचं नाही, जागा दाखवायची नाही, असं आपल्यात म्हणतात ना. आम्ही पोरं होतो, आम्हाला तेवढंच माहीत होतं. मी पुढे विसरलो. तो नाही विसरला. केस कापायला म्हणून पूल ओलांडून येतो ना, तिथे जातो. आणि मी त्याच्या ताटावर बसून त्याला म्हणालो, नदीवर सीमा आखा."

"आणि टेक्सासला गेला तर तिच्याकडे कोण बघणार, म्हणून घर विकत नव्हता."

"हं."

"आता तुम्ही आहात."

"हं."

म्हणजे असं होतं ते. भावजींना धरून ठेवलं होतं ते मैत्रीनं नव्हे, भांडणानं. आम्ही भांडण सोडवलं आणि त्यांचे पाय मोकळे केले. मी उठले, सिंकपाशी गेले, नळ सोडला आणि मनसोक्त रडले. मग तोंड धुऊन आले आणि म्हटलं, "शालनला आज सांगा. तुम्ही दोघांनी नाही सांगितलं तर मी सांगते."

आम्ही चौघं गेलो. ऊन होतं, झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती. लहान मुलांच्या जागेत उभे दगड नाहीत, गवताच्या पातळीत बसवलेले चपटे दगड आहेत. भावजी कुठेही न बघता सरळ चालत गेले आणि एका ठिकाणी थांबले. दगडावर फक्त आडनाव होतं आणि साल. बारसं व्हायच्या आत गेली, नाव कुठून येणार?

शालन उभी राहिली. मला वाटलं ती कोसळेल, म्हणून मी पुढे सरसावले. पण ती कुंपणाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होती.

"याच रस्त्यानं मी कामावर जात होती," ती नवऱ्याला म्हणाली. "इतकी वर्षं. रोज. तू बोलला असता तं मी दोन मिनिटं थांबली असती."

"तुले सांगितलं असतं तं तू इथून हलली नसती," भावजी म्हणाले.

"आता तरी कुठी हलणार होती मी?"

मग ती दिनकरांकडे वळली. "भाऊजी, तुम्ही घेतली होती ना तिले? मले तिनं तोंडही दाखवलं नाही. कशी होती?"

दिनकर, ज्यांना स्टेजवर कधी शब्द कमी पडला नाही, ते चाचरले. "केस होते," ते म्हणाले. "भरपूर केस. कुरळे. माझ्या बोटात अडकले होते."

शालन खाली बसली आणि दगडावर हात फिरवायला लागली, डोक्यावरून फिरवावा तसा. आम्ही तिघं बाजूला जाऊन उभे राहिलो. तिनं लेकीला काय सांगितलं ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

सामानाचा ट्रक पुढच्याच महिन्यात आला. शालननं सगळं बांधलं, पाटावरवंटा माझ्या दारात ठेवला आणि मला मिठी मारली. "मले नाही जायचं, कुमुद," ती माझ्या खांद्यावर म्हणाली. मी म्हटलं, "मलाही तुला जाऊ द्यायचं नाही." एवढं बोलून झालं आणि ती गाडीत बसली, कारण घर दुसऱ्याचं झालं होतं आणि टेक्सासात मंगेशनं खोल्या रंगवून ठेवल्या होत्या.

देशाचे तुकडे अजून झालेले नाहीत. दर निवडणुकीत लोक तेच बोलतात, मग विसरतात. टेक्सास अजून याच देशात आहे, ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा. पण भावजींना अर्धांगाचा झटका आला, त्यांना सोडून तिला कुठे जाता येत नाही, आणि आता तिचे गुडघेही गेले. ती परत आली नाही. मी एकदा गेले होते, चार दिवस. निघताना आम्ही दोघी विमानतळावर लहान मुलींसारख्या रडलो. त्यानंतर माझ्यानेही होत नाही.

दिनकर होते तोवर ते स्मशानात जायचे. दगडाच्या कडेचं गवत कापायची छोटी कात्री गाडीत ठेवायचे. ते गेल्यावर मी जाते. रविवारी शालनचा फोन येतो आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय दिसते तिथं?" मग मी सांगते. बर्फ वितळला, चिमण्या आल्या, शेजारच्या दगडावर कुणीतरी खेळण्यातली गाडी ठेवली आहे. मी मुद्दाम लांबवून सांगते, म्हणजे ती फोन लवकर ठेवत नाही. शालन मला हाताशी हवी होती, माझ्या म्हातारपणात, पलीकडच्या काठावर वीस मिनिटांवर हवी होती. ते काही मिळालं नाही. रविवारचा अर्धा तास मिळाला.

माझी मुलगी सिएटलला असते. दर महिन्याला मागे लागते, घर विक आणि माझ्याकडे ये. एकटी कशाला राहतेस, बाबा नाहीत, गावंडेमावशी नाही, मंडळातले तुझ्या वयाचे कुणी उरले नाहीत. परवा तर चिडलीच. "आई, तिथे आता तुझं कोण आहे गं?"

मी म्हटलं, "शालनची मुलगी आहे."